तटस्थतेची घडण

फ्रान्सने १ फेब्रुवारी १७९३ रोजी ब्रिटन आणि हॉलंडविरुद्ध युद्ध पुकारले. ती खबर अटलांटिक ओलांडून जॉर्ज वॉशिंग्टनच्या हाती पडेपर्यंत एप्रिल उजाडला होता. तो तेव्हा व्हर्जिनियात, माउंट व्हर्ननच्या आपल्या मळ्यावर होता. त्याने लगोलग राजधानी फिलाडेल्फिया गाठली आणि १८ एप्रिलला मंत्र्यांकडे १३ लेखी प्रश्न पाठवले. अमेरिकी नागरिकांनी या युद्धात पडू नये असा जाहीरनामा काढावा का? फ्रेंच प्रजासत्ताकाचा वकील येतो आहे, त्याला अधिकृतपणे भेटावे का? सोळाव्या लुईशी केलेले तह त्याचा शिरच्छेद झाल्यावरही आपल्याला बांधतात का? काँग्रेसचे अधिवेशन तातडीने बोलवावे का? दुसऱ्या दिवशी चार माणसे त्याच्या घरी जमली: परराष्ट्रमंत्री थॉमस जेफरसन, अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन, युद्धमंत्री हेन्री नॉक्स आणि महान्यायवादी एडमंड रँडॉल्फ. २२ एप्रिलला जाहीरनाम्यावर वॉशिंग्टनची सही झाली. निर्णयाला चार दिवस लागले. तो निभावण्यात मात्र त्याच्या कारकिर्दीची उरलेली जवळपास चार वर्षे गेली. ती वर्षे हा या पुस्तकाचा विषय आहे.

त्या वेळी हे राष्ट्र किती दुबळे होते, हे आज सहजी ध्यानात येत नाही. १७९० च्या पहिल्या शिरगणतीत लोकसंख्या भरली सुमारे ३९ लाख, आणि त्यातले जवळपास ७ लाख गुलाम. स्वातंत्र्ययुद्धातल्या आरमाराचे शेवटचे जहाज १७८५ मध्येच विकले गेले होते; समुद्रावर सरकारची एकही युद्धनौका नव्हती. काही हजारांचे सैन्य ओहायोच्या जंगलात मूलनिवासी राष्ट्रांच्या एकजुटीशी झुंजण्यात गुंतले होते. नोव्हेंबर १७९१ मध्ये त्याच जंगलात जनरल सेंट क्लेअरच्या फौजेची धूळधाण उडाली होती. केंद्राच्या तिजोरीत येणारा पैसा बहुतांश आयातीवरच्या जकातीचा, आणि आयातीत सिंहाचा वाटा ब्रिटिश मालाचा. ब्रिटनशी युद्ध म्हणजे पहिल्याच वर्षी तिजोरीत खडखडाट. १७८३ च्या तहात सोडायचे कबूल केलेले डेट्रॉइट, नायगरा, ओस्वेगो हे किल्ले ब्रिटिशांनी अजून सोडलेच नव्हते. दक्षिणेला मिसिसिपीचे मुख स्पेनच्या मुठीत होते. आणि ज्या फ्रान्सच्या मदतीवाचून स्वातंत्र्य मिळाले नसते, त्याच्याशी ६ फेब्रुवारी १७७८ रोजी केलेला आघाडीचा तह जिवंत होता. त्याच्या अकराव्या कलमात अमेरिकेने वेस्ट इंडीजमधल्या फ्रेंच मुलुखाची हमी घेतली होती, तीही कायमची.

एवढ्या दुबळ्या देशाने युद्धापासून दूर राहायचे ठरवले यात विशेष ते काय, असे कुणालाही वाटेल. पाठ्यपुस्तकांत हा प्रसंग म्हणूनच दोन ओळींत उरकतो. पण जाहीरनाम्यानंतरचे महिने जवळून पाहिले की दिसते, दूर राहणे हेच त्या सरकारपुढचे सर्वांत कष्टाचे काम होते. आपल्या बंदरात परक्यांना जहाजांवर तोफा चढवू द्यायच्या का, किनाऱ्यापासून किती अंतरात पकडलेले जहाज परत मागायचे, आपला नागरिक परक्या झेंड्याखाली लढला तर त्याला कोणत्या कायद्याने धरायचे, यांतल्या एकाही प्रश्नाचे उत्तर तयार नव्हते. उत्तरे देणारी खातीही नव्हती. तटस्थ राहायला हुकमत चालवणारे राज्य लागते, आणि अमेरिकेत ते राज्य बऱ्याच अंशी तटस्थ राहता राहताच उभे राहिले. या पुस्तकाचा सगळा भार या एका म्हणण्यावर आहे.

तटस्थतेची कल्पना अर्थात अमेरिकेने शोधलेली नाही. डच कायदेपंडित बिंकर्सहूक याने १७३७ मध्ये आणि स्वित्झर्लंडच्या एमेर द वात्तेल याने १७५८ मध्ये तिची मांडणी केली होती. वात्तेलचा ग्रंथ फिलाडेल्फियातल्या त्या बैठकांत दोन्ही बाजूंनी हत्यारासारखा वापरला गेला. छोट्या व्यापारी राष्ट्रांची मागणी जुनीच होती: तटस्थ झेंड्याखालच्या जहाजावरचा माल, तो शत्रूचा असला तरी, कुणी हिरावू नये, युद्धोपयोगी निषिद्ध मालाची यादी आखूड असावी, आणि बंदराची नाकेबंदी कागदावरची नसावी, तिथे खरोखर आरमार उभे असावे. १७८० मध्ये रशियाच्या कॅथरीनने याच तत्त्वांवर उत्तरेकडच्या राष्ट्रांचा सशस्त्र तटस्थ संघ उभा केला. फ्रान्सने १७७८ च्या व्यापारी तहात ही तत्त्वे मान्य केली. ब्रिटनने तेव्हा केली नाहीत. उलट, शांततेच्या काळात परक्यांना बंद असलेला वसाहतींचा व्यापार युद्ध सुरू झाल्यावर तटस्थांना खुला करता येणार नाही, हा १७५६ चा ब्रिटिश नियम अमेरिकी व्यापाऱ्यांच्या नरड्यावर ठेवलेलाच होता.

एप्रिलच्या त्या बैठकीत युद्धात पडावे असे कुणाचेच मत नव्हते. वाद पद्धतीचा होता, आणि त्यामागे दोन जगे होती. हॅमिल्टनला ब्रिटनशी व्यापार अखंड हवा होता, कारण कर्जफेडीची त्याची सगळी योजना जकातीवर उभी होती. राजाशी केलेले तह सत्तापालटानंतर निदान स्थगित धरावेत, असे त्याचे म्हणणे. जेफरसनने २८ एप्रिलला लेखी मत दिले की तह राष्ट्राराष्ट्रांत होतात, राज्यकर्ता बदलल्याने ते विरत नाहीत. युद्ध पुकारायचा अधिकार काँग्रेसचा, मग युद्ध न करण्याची घोषणा एकट्या राष्ट्राध्यक्षाने कशी करावी, हीही त्याची शंका होती. शिवाय तटस्थता फुकट जाहीर का करायची, दोन्ही पक्षांकडून तिचे मोल वसूल का करू नये, असाही त्याचा हिशेब होता. त्याच्या आग्रहामुळे जाहीरनाम्यात तटस्थता हा शब्द आला नाही. दोन्ही पक्षांशी मित्रभावाने आणि निःपक्षपातीपणे वागू, एवढेच म्हटले गेले. वॉशिंग्टनने जाहीरनामा काढण्यात हॅमिल्टनचे ऐकले, वकिलाला बिनशर्त भेटण्यात आणि तह चालू ठेवण्यात जेफरसनचे. त्याच्या कामाची रीत या एका आठवड्यात पुरती दिसते. तो सगळ्यांची मते लेखी मागवायचा, सावकाश वाचायचा, आणि एकदा ठरवले की त्यावरून हलायचा नाही.

फ्रान्सचा वकील एडमंड जने ८ एप्रिललाच चार्ल्सटनला उतरला होता. वय ३०. राजधानीत ओळखपत्र दाखवण्याआधीच त्याने तिथे प्रायव्हेटिअर सज्ज करायला सुरुवात केली. प्रायव्हेटिअर म्हणजे सरकारी परवाना घेऊन शत्रूची व्यापारी जहाजे पकडणारी खासगी जहाजे. त्यांवर अमेरिकी खलाशी भरती होऊ लागले. त्याला घेऊन आलेल्या ‘अँबुस्काद’ या फ्रेंच युद्धनौकेने डेलावेअरच्या उपसागरात, अमेरिकी पाण्यात, ‘ग्रेंज’ हे ब्रिटिश जहाज पकडले. जनेचे वागणे उर्मट होते हे सगळेच इतिहासकार सांगतात. तो निव्वळ वेडा नव्हता, हेही सांगायला हवे. १७७८ च्या व्यापारी तहाने फ्रेंच प्रायव्हेटिअरना पकडलेली जहाजे अमेरिकी बंदरांत आणायची मुभा होती, आणि ब्रिटनच्या प्रायव्हेटिअरना तिथे सज्ज व्हायला मनाई होती. यावरून फ्रान्सला सज्ज होण्याचा हक्क आहे, असा अर्थ त्याने काढला. चार्ल्सटनपासून फिलाडेल्फियापर्यंत गावोगाव त्याचे जल्लोषात स्वागत झाले. सामान्य अमेरिकी माणसाचे मन फ्रान्सकडे होते, यात शंका नाही.

१७९३ च्या जुलैत प्रकरण हातघाईवर आले. ‘लिटल सेरा’ नावाचे पकडून आणलेले ब्रिटिश जहाज राजधानीच्या नाकासमोर, फिलाडेल्फियाच्या धक्क्यावर, तोफा चढवून ‘पतीत देमोक्रात’ नावाने सज्ज होत होते. वॉशिंग्टन गावी गेला होता. नदीतल्या बेटावर तोफा मांडून ते अडवावे, असे हॅमिल्टन आणि नॉक्स म्हणाले. त्यातून फ्रान्सशीच युद्ध पेटेल, असे जेफरसन म्हणाला. जहाज निघून गेले आणि सरकार बघत राहिले. त्याच महिन्यात गिडियन हेनफील्ड या अमेरिकी खलाशावर फ्रेंच प्रायव्हेटिअरवर काम केल्याचा खटला चालला. ज्याचा भंग केला असा काँग्रेसचा कायदाच अस्तित्वात नव्हता, आणि ज्यूरीने त्याला निर्दोष सोडले. त्याच जुलैत मंत्रिमंडळाने सर्वोच्च न्यायालयाला २९ प्रश्न विचारले. सरन्यायाधीश जॉन जे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ८ ऑगस्टला नम्रपणे नकार कळवला: खटला समोर नसताना सरकारला सल्ला देणे हे न्यायालयाचे काम नव्हे. आपल्या राज्यघटनेच्या १४३ व्या कलमाने राष्ट्रपतींना सर्वोच्च न्यायालयाचे मत मागता येते. अमेरिकेत ते दार बंद झाले ते या फ्रेंच जहाजांमुळे, आणि आजही बंद आहे.

न्यायालयाचा नकार येण्यापूर्वीच उत्तर लांबत चालले होते, आणि काँग्रेसला डिसेंबरपर्यंत सुट्टी होती. मग मंत्रिमंडळाने स्वतःच ऑगस्टच्या सुरुवातीला नियम तयार केले आणि हॅमिल्टनने ते ४ ऑगस्टच्या परिपत्रकाने बंदरोबंदरच्या जकात अधिकाऱ्यांना कळवले. कोणते जहाज दुरुस्त होऊ द्यायचे, कोणत्यावर तोफ चढवू द्यायची नाही, संशय आला तर कुणाला कळवायचे. मला हे परिपत्रक त्या सबंध काळातला सर्वांत बोलका कागद वाटतो. परराष्ट्र धोरण जकातनाक्यावर बसलेल्या कारकुनाच्या नजरेवर अवलंबून होते, कारण केंद्र सरकारचे किनाऱ्यावर दुसरे कुणीच नव्हते. नोव्हेंबरमध्ये जेफरसनने ब्रिटिश आणि फ्रेंच वकिलांना कळवले की तूर्त किनाऱ्यापासून ३ मैलांपर्यंतचे पाणी आम्ही आमचे धरतो. तूर्त म्हणून घातलेली ही मर्यादा जगाच्या सागरी कायद्यात पुढे फार काळ टिकली. शेवटी ५ जून १७९४ रोजी काँग्रेसने तटस्थतेचा कायदा केला आणि परक्या राष्ट्रासाठी अमेरिकी भूमीवर फौज उभारणे वा जहाज सज्ज करणे गुन्हा ठरले.

जनेला परत बोलवावे, अशी मागणी ऑगस्टमध्येच फ्रान्सला गेली होती. पॅरिसमध्ये तोवर त्याच्या गटाचे विरोधक, जहाल जाकोबँ, सत्तेवर आले होते. परतला असता तर गिलोटीन ठरलेली. वॉशिंग्टनने त्याला आश्रय दिला. त्याने न्यूयॉर्कचे गव्हर्नर जॉर्ज क्लिंटन यांच्या मुलीशी लग्न केले आणि १८३४ मध्ये शेतकरी म्हणून अमेरिकेतच देह ठेवला.

१७९३ च्या उन्हाळ्याची आणखी एक देणगी वृत्तपत्रांतून आली. ‘पॅसिफिकस’ या टोपणनावाने हॅमिल्टनने लेखमाला लिहून परराष्ट्र व्यवहार हा मूलतः राष्ट्राध्यक्षाचा अधिकार असल्याचे मांडले. जेफरसनने आग्रह धरल्यावर जेम्स मॅडिसनने ‘हेल्विडियस’ या नावाने उत्तर दिले: युद्ध आणि शांतता ठरवणे हे कायदेमंडळाचे काम, ते एका माणसाच्या हाती दिले की राजेशाही परतली. अमेरिकेने व्हिएतनाममध्ये, इराकमध्ये सैन्य धाडले तेव्हा याच दोन लेखमाला दोन्ही बाजूंनी पुन्हा उघडल्या गेल्या. अमेरिकेतल्या पहिल्या दोन राजकीय पक्षांची दुफळी घरच्या आर्थिक वादांतून सुरू झाली असली, तरी ती गावागावांत पोहोचली ती या परराष्ट्र प्रश्नावर. पक्ष परराष्ट्र धोरणावरून फुटणे आपल्याकडे क्वचित घडते. तिथे ते पहिल्याच दशकात घडले.

आता ब्रिटनची बाजू. नोव्हेंबर १७९३ मध्ये ब्रिटिश सरकारने फ्रेंच वेस्ट इंडीजशी व्यापार करणारी जहाजे धरण्याचा गुप्त हुकूम काढला आणि काही महिन्यांत अडीचशेच्या आसपास अमेरिकी जहाजे पकडली गेली. युद्ध दारात आले. वॉशिंग्टनने सरन्यायाधीश जे यांना लंडनला पाठवले आणि १९ नोव्हेंबर १७९४ रोजी लॉर्ड ग्रेनव्हिलशी तह झाला. ब्रिटनने १७९६ पर्यंत किल्ले सोडायचे मान्य केले, पकडलेल्या जहाजांच्या भरपाईसाठी संयुक्त लवाद नेमायचे कबूल केले. बदल्यात तटस्थ झेंड्याखालच्या शत्रूच्या मालाबद्दलचे अमेरिकेचे लाडके तत्त्व सोडावे लागले. ब्रिटिश आरमाराने अमेरिकी जहाजांवरून खलाशी ओढून नेण्याबद्दल तहात अक्षर नव्हते. लोक खवळले. शहराशहरांत जे यांचे पुतळे जाळले गेले, तहाची बाजू मांडायला उभ्या राहिलेल्या हॅमिल्टनवर न्यूयॉर्कमध्ये दगडफेक झाली. सिनेटमध्ये तह २० विरुद्ध १० मतांनी, म्हणजे लागणाऱ्या दोन तृतीयांशांइतक्याच मतांनी तरला. अंमलबजावणीचा पैसा प्रतिनिधिगृहाने ३० एप्रिल १७९६ रोजी ५१ विरुद्ध ४८ ने मंजूर केला.

हा तह चांगला की वाईट, यावर या क्षेत्रातले निम्मे लेखन खर्ची पडले आहे. माझे मत असे की तो अपमानास्पद होता आणि तरीही योग्य होता. लवादाने पुढे अमेरिकी व्यापाऱ्यांना १ कोटी डॉलरांहून अधिक भरपाई मिळवून दिली, आणि दोन राष्ट्रांमधले भांडण लवादाने मिटवायची आधुनिक रीत इथून सुरू झाली. सर्वांत मोठी कमाई मात्र वेळेची होती. पुनर्निर्यात धरून अमेरिकेची निर्यात १७९० मध्ये सुमारे २ कोटी डॉलर होती, ती १८०१ मध्ये ९ कोटींवर गेली. युरोप लढत होता आणि त्याचा माल अमेरिकी जहाजे वाहत होती.

मराठी वाचकाने जे तहाचे तेरावे कलम मुद्दाम वाचावे. त्याने ईस्ट इंडीजमधली ब्रिटिश बंदरे, म्हणजे कोलकाता, मद्रास आणि आपली मुंबई, अमेरिकी जहाजांना व्यापारासाठी रीतसर खुली झाली. माल थेट अमेरिकेतच न्यायचा आणि इथल्या किनाऱ्यावर बंदराबंदरांतला व्यापार करायचा नाही, या अटी होत्या. १७९२ मध्येच वॉशिंग्टनने बेंजामिन जॉय याला कोलकात्याचा कॉन्सल नेमले होते. तो १७९४ मध्ये पोहोचला तेव्हा कंपनी सरकारने कॉन्सल म्हणून त्याला मान्यता दिली नाही, व्यापारी प्रतिनिधी म्हणून राहू दिले. हिंदुस्थानची बंदरे खुली करण्याचा करार लंडनमध्ये झाला आणि त्यात हिंदुस्थानच्या कुणाला विचारण्याचा प्रश्नच नव्हता. याच दशकात पुण्याच्या दरबारापुढेही युरोपीय सत्तांना किती अंतरावर ठेवायचे हा पेच होता. नाना फडणवीस आणि महादजी शिंदे यांनी तो आपापल्या परीने हाताळला. ३१ डिसेंबर १८०२ च्या वसईच्या तहाने दुसऱ्या बाजीरावाने कंपनीच्या सल्ल्यावाचून इतर सत्तांशी बोलणी करायचा अधिकार गमावला, आणि इंग्रजांच्या शत्रुराष्ट्रांतले युरोपीय चाकरीत ठेवायचे नाहीत हेही मान्य केले. ही तुलना फार ताणू नये. वॉशिंग्टनला अटलांटिकने राखले; पेशव्याला कंपनी दाराशीच होती. तरी परराष्ट्र धोरण स्वतःच्या हाती असणे आणि नसणे यांतले अंतर समजायला यापेक्षा जवळचे उदाहरण आपल्याला मिळणार नाही.

स्पेनबद्दल थोडक्यात. जे तहामुळे ब्रिटन आणि अमेरिका एकत्र येतील या धास्तीने स्पेनने २७ ऑक्टोबर १७९५ च्या सान लोरेन्सोच्या तहात मिसिसिपीतून वाहतुकीचा हक्क आणि ३१ व्या अक्षांशाची सीमा दोन्ही देऊन टाकले. युरोपच्या अडचणीतून अमेरिकेला झालेला हा सर्वांत स्वस्त लाभ.

आणि या धोरणाची किंमत कुणी मोजली? इथे जुन्या इतिहासांची पाने कोरी आहेत. २० ऑगस्ट १७९४ रोजी फॉलन टिंबर्सच्या लढाईत हरलेले मूलनिवासी योद्धे जवळच्या ब्रिटिश किल्ल्याकडे धावले, तेव्हा त्यांच्या मित्रांनी दरवाजे उघडले नाहीत. लंडनला अमेरिकेशी युद्ध नको होते. वर्षभराने ग्रीनव्हिलच्या तहात त्यांना आजच्या ओहायोचा बहुतेक भाग सोडावा लागला. युरोपशी शांतता आणि पश्चिमेकडे विस्तार ही एकाच धोरणाची दोन अंगे होती. दुसरीकडे, १७९१ मध्ये सँ-दोमँगच्या (आजच्या हैतीच्या) फ्रेंच वसाहतीत गुलामांनी उठाव केला, तेव्हा वॉशिंग्टन सरकारने फ्रान्सच्या कर्जफेडीतली रक्कम आगाऊ देऊन मळेवाल्यांना मदत केली. तटस्थ राष्ट्राध्यक्ष स्वतः गुलामांचा मालक होता, आणि या एका प्रश्नावर तो तटस्थ नव्हता. हे न सांगता त्याच्या परराष्ट्र धोरणाचे पुस्तक लिहिणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते.

त्याने स्वतःही किंमत दिली. मुलासारखा मानलेला फ्रेंच सेनानी लाफायेत ऑस्ट्रियाच्या ओल्म्यूत्झच्या तुरुंगात होता, आणि राष्ट्राध्यक्ष म्हणून त्याच्या सुटकेची उघड मागणी करणे त्याला शक्य नव्हते. लाफायेतचा किशोरवयीन मुलगा, ज्याचे नावच जॉर्ज वॉशिंग्टन ठेवले होते, १७९५ मध्ये आसऱ्याला बोस्टनला आला. फ्रान्स काय म्हणेल या विचाराने वॉशिंग्टनने त्याला कित्येक महिने दूर ठेवले, गुपचूप पैसे पाठवले, आणि १७९६ च्या वसंतातच त्याला आपल्या घरी घेतले.

१९ सप्टेंबर १७९६ रोजी फिलाडेल्फियाच्या एका वृत्तपत्रात त्याचा निरोपाचा संदेश छापून आला. हे भाषण नव्हते, ते कधी केलेच गेले नाही. मूळ मसुदा १७९२ चा, मॅडिसनचा. त्यावर वॉशिंग्टनचे स्वतःचे लेखन आणि हॅमिल्टनची फेरमांडणी. परक्या राष्ट्राबद्दल कायमचा लोभ वा कायमचा द्वेष धरू नये, व्यापार वाढवावा पण राजकीय गुंतवणूक कमीत कमी ठेवावी, आणीबाणीत तात्पुरते सहकार्य चालेल, असा त्याचा आशय. गुंतवून टाकणाऱ्या आघाड्यांविरुद्धचा जो इशारा त्याच्या नावावर सर्रास खपवला जातो, तो खरे तर जेफरसनने राष्ट्राध्यक्ष म्हणून १८०१ मध्ये केलेल्या पहिल्या भाषणातला आहे.

पुढची वाट खडतर होती. जे तहाने चिडलेल्या फ्रान्सने तीनशेहून अधिक अमेरिकी जहाजे पकडली. जॉन अ‍ॅडम्स राष्ट्राध्यक्ष असताना समुद्रावर अघोषित युद्ध झाले आणि ३० सप्टेंबर १८०० च्या तहाने जुनी आघाडी संपली. अ‍ॅडम्सने आपल्याच पक्षाच्या युद्धखोरांना झुगारून ही शांतता केली आणि पुढची निवडणूक हरला. डिसेंबर १८०७ मध्ये जेफरसनने अमेरिकी जहाजांना बंदराबाहेर पडायलाच बंदी घातली. निर्यात एका वर्षात १० कोटी ८० लाख डॉलरांवरून सुमारे २ कोटी २० लाखांवर कोसळली आणि तस्करी बोकाळली. १८१२ मध्ये मॅडिसन राष्ट्राध्यक्ष असताना काँग्रेसने ब्रिटनशी युद्ध पुकारले. तटस्थता टिकवण्याचे तीन मार्ग, सौदा, शस्त्र आणि बहिष्कार, २० वर्षांत आजमावून झाले होते.

या विषयावरच्या लेखनाचे मुख्य प्रवाह ओळखले की वाचकाची वाट सोपी होते. सरन्यायाधीश जॉन मार्शल याने १८०४ पासून लिहिलेल्या चरित्रात वॉशिंग्टन पक्षांच्या वर उभा आहे, आणि ती प्रतिमा शतकभर टिकली. १९१५ मध्ये चार्ल्स बिअर्डने पक्षांच्या वादामागचे आर्थिक हितसंबंध उघडे केले. त्यानंतर सॅम्युएल फ्लॅग बेमिस याने युरोपातल्या दप्तरखान्यांत बसून जे तह आणि स्पेनशी झालेल्या सान लोरेन्सोच्या तहावर दोन ग्रंथ लिहिले. युरोपच्या संकटातून अमेरिकेने फायदा उठवला, हे त्याचे सूत्र आजही पायाभूत आहे. १९५८ मध्ये अलेक्झांडर डीकाँडने या चित्राला धक्का दिला: हॅमिल्टनची तटस्थता पक्षपाती होती, तिने मित्रराष्ट्राला दगा देऊन ब्रिटनचे पारडे जड केले. त्याच्या पुराव्याचे वजन मला मान्य आहे, निष्कर्ष तितका नाही. फ्रान्सनेही अकराव्या कलमाची हमी कधी रीतसर मागितली नाही. लढणाऱ्या अमेरिकेपेक्षा धान्य पुरवणारी तटस्थ अमेरिका त्याला सोयीची होती. १९६१ मध्ये फेलिक्स गिल्बर्टने निरोपाच्या संदेशाची मुळे युरोपातल्या ज्ञानोदयाच्या विचारांत शोधली. एल्किन्स आणि मॅकिट्रिक यांचा १९९३ चा प्रचंड ग्रंथ या सगळ्याला एका पटावर आणतो. गेल्या पंचवीसेक वर्षांत भर अटलांटिक इतिहासावर आहे: खलाशी, निर्वासित, मूलनिवासी राष्ट्रे, हैतीची क्रांती. या पिढीने विचारलेले प्रश्न मला सर्वांत मोलाचे वाटतात. मात्र तिच्या लेखनात तहांची कलमे आणि जकातीचे आकडे मागे पडतात, ही तक्रार आहे.

आज हे मराठीत का? फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यावर फिनलंड आणि स्वीडन या जुन्या तटस्थ देशांनी नाटोचा रस्ता धरला, स्वित्झर्लंडने युरोपीय निर्बंध स्वीकारले, आणि भारताने रशियन तेल घेत दोन्ही बाजूंशी संबंध राखले. तांबड्या समुद्रात ज्यांचा युद्धाशी संबंध नाही अशी व्यापारी जहाजे क्षेपणास्त्रांखाली आली, ज्यांवर भारतीय खलाशीही होते. तटस्थाचा माल, तटस्थाचे जहाज, तटस्थाचा खलाशी हे १७९३ चे प्रश्न पुन्हा विम्याच्या हप्त्यांपर्यंत येऊन भिडले आहेत. आपल्याकडे या चर्चेत अलिप्तता आणि तटस्थता यांची गल्लत फार होते. नेहरूंनी ऑक्टोबर १९४९ मध्ये अमेरिकी काँग्रेसपुढे बोलताना स्पष्ट केले होते की स्वातंत्र्यावर वा न्यायावर घाला येईल तिथे भारत तटस्थ राहणार नाही. तटस्थता ही चालू युद्धातली कायदेशीर स्थिती आहे, तिला कर्तव्ये आहेत. अलिप्तता ही शांततेच्या काळातही चालणारी राजकीय भूमिका. कोणत्या प्रसंगी आपण कोणती घेतो, हे नीट बोलायचे तर तटस्थतेचा इतिहास माहीत हवा. अमेरिकेतही ‘आधी आपला देश’ म्हणणारे वॉशिंग्टनचा दाखला देतात. पण त्याने जगाकडे पाठ फिरवली नव्हती. त्याच्या आठ वर्षांत ब्रिटन, स्पेन आणि अल्जिअर्सशी तह झाले, सहा युद्धनौका बांधायला घेतल्या गेल्या आणि कोलकात्यापर्यंत कॉन्सल पाठवले गेले.

हे पुस्तक वॉशिंग्टनचे चरित्र नाही आणि फ्रेंच राज्यक्रांतीचा इतिहासही नाही. प्रकरणांची मांडणी कालक्रमाने न करता जागांनुसार केली आहे: मंत्रिमंडळाची खोली, बंदर, न्यायालय, छापखाना, सरहद्द, मळा. त्यामुळे एकच घटना दोनदा भेटेल, वेगळ्या माणसांच्या नजरेतून. जाहीरनामा, ऑगस्ट १७९३ चे परिपत्रक, जे तहाची निवडक कलमे आणि १७९४ चा कायदा यांचे मराठी अनुवाद शेवटी जोडले आहेत. घटनात्मक वादाची आवड असलेल्यांनी छापखान्याच्या प्रकरणापासून सुरुवात केली तरी चालेल. ज्यांना या काळाची काहीच ओळख नाही त्यांनी बंदरापासून करावी; तिथे माणसे, जहाजे आणि भांडणे आहेत, तत्त्वे त्यांच्या मागून येतात. कथन १८०० च्या तहाशी थांबवले आहे. बहिष्कार आणि १८१२ चे युद्ध हा वेगळ्या आरमाराचा, वेगळ्या पिढीचा आणि नेपोलियनच्या युरोपचा विषय आहे, आणि त्याला स्वतंत्र पुस्तकच हवे.